भट्टी, भाव, सही, मालकी: फाउंड्रीत पिढी बदलण्याचा क्रम

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले पट्ट्यापर्यंत पसरलेल्या फाउंड्र्यांपैकी बऱ्याच आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीच्या हातात आहेत. आमचीही त्यातलीच. ग्रे आयर्नचं, म्हणजे करड्या ओतीव लोखंडाचं ओतकाम. सुरुवात ऑइल इंजिनच्या भागांनी झाली, मग पंप आले, मग ट्रॅक्टर आणि ट्रकचे भाग. एका पिढीकडून दुसरीकडे कारखाना सोपवायची प्रक्रिया आम्ही ज्या क्रमाने केली तो इथे तपशिलाने मांडतो, कारण बऱ्याच घरांत हा क्रम उलटा होताना दिसतो. आधी कर वाचवायला कागदावर मुलांचे हिस्से पडतात, बँकेची सही थोरल्यांकडेच राहते, भाव कसा काढायचा हे कुणी बसून सांगत नाही आणि भट्टी पगारी माणसाच्या भरवशावर असते. मग थोरले आजारी पडले की मालक भरपूर असतात, पण माल कुणाला कळत नाही.

आमचा क्रम असा: आधी भट्टी, मग भाव, मग सही आणि सगळ्यात शेवटी मालकी. चारही टप्प्यांना मिळून सहा-सात वर्षं द्यावी लागतात. नव्या माणसाने निदान एक मंदी आणि एक तेजी अंगावर घेतल्याशिवाय भावाचा टप्पा पुरा होत नाही, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो.

भट्टी

इथे दोन वर्षं. केबिनमध्ये रिपोर्ट वाचत बसायचं नाही, चार्ज (भट्टीत टाकायचा माल) तोलण्यापासून पेटी (वाळूचा साचा) फोडेपर्यंत उभं राहायचं. इंजिनिअरिंगची पदवी असली तरी हा टप्पा सुटत नाही. आधीच्या पिढीचं ज्ञान ज्या यंत्रावर बसलेलं असतं ते यंत्र मधल्या काळात बदललेलं असतं, आणि नेमकं तिथे बरंच काही गळून जातं.

कुपोला (कोकवर चालणारी उभी भट्टी) ते इंडक्शन (विजेची भट्टी) हा बदल घ्या. कुपोलात कोक आणि लोखंडाचं प्रमाण 1:7 ते 1:8 असायचं, आणि कोकमधून गंधक आपोआप धातूत यायचं, साधारण 0.1 टक्क्याच्या आसपास. ते गंधक थोडं असावं लागतं. ग्राफाइटच्या पाकळ्या नीट सुटायला आणि इनॉक्युलंटचा (ग्राफाइट नीट सुटावं म्हणून शेवटी थोडा घालायच्या मिश्रधातूचा) गुण यायला त्याची गरज असते. इंडक्शनमध्ये पत्र्याच्या भंगारावर भर असतो, कोक नसतो, त्यामुळे गंधक 0.03 पर्यंत खाली येतं. रासायनिक अहवालात कार्बन, सिलिकॉन सगळं बरोबर दिसतं आणि तरी कास्टिंगच्या पातळ कडा पांढऱ्या, कडक निघतात. मशीन शॉपवाल्यांचे इन्सर्ट (कापणारी पाती) तुटतात आणि माल परत येतो. कुपोलावर वाढलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागतो, कारण त्याच्या आयुष्यात गंधक हा फक्त शत्रू होता.

उपाय सोपा आहे. गंधक 0.05 ते 0.08 टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवायचं. 500 किलोच्या हीटमध्ये (एका वेळी वितळवलेल्या मालात) 0.03 टक्के वाढवायचं म्हणजे 150 ग्रॅम गंधक. आयर्न पायराइटमध्ये 45 टक्के गंधक आणि उतारा (प्रत्यक्ष धातूत उतरणारा भाग) 75 टक्के धरला तर साधारण 445 ग्रॅम पायराइट. त्याचबरोबर मँगनीज किमान गंधकाच्या 1.7 पट अधिक 0.3 इतकं हवं, म्हणजे 0.07 गंधकाला 0.42 टक्के. ते कमी पडलं तर मोकळं गंधक लोखंडाशी जुळतं आणि पुन्हा कडकपणा येतो.

चार्जचा हिशेब नव्या माणसाने कागदावर स्वतः करायचा, तयार तक्त्यातून उचलायचा नाही. एफजी 260 या ग्रे आयर्नच्या ग्रेडसाठी आमची 500 किलोची नमुना हीट: पत्र्याचं भंगार 270 किलो, परतीचा माल म्हणजे रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा आणि त्याला धातू पुरवणारे साठे) आणि रिजेक्शन मिळून 170, पिग आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) 60. कार्बन मोजा. भंगारातून 0.1 टक्क्याने 0.27 किलो, परतीतून 3.3 टक्क्यांनी 5.61, पिगमधून 4 टक्क्यांनी 2.4. एकूण 8.28 किलो. आपल्याला 3.3 टक्के म्हणजे 16.5 किलो हवा, कमी पडतो 8.22. कार्बन रेझरमध्ये 95 टक्के कार्बन आणि उतारा 88 टक्के धरला तर सुमारे 9.8 किलो घालावा लागतो. तो भंगाराबरोबर तळाशी घालायचा. वरून शेवटी टाकला की स्लॅगवर तरंगतो आणि उतारा पडतो.

कार्बन रेझर घेताना स्वस्ताच्या मागे लागलं की वेगळाच दोष दिसू लागतो. साध्या पेट्रोलियम कोकच्या मालात नायट्रोजन जास्त असतो. भंगाराचं प्रमाण वाढलं की रेझरही वाढतो, आणि धातूतला नायट्रोजन 80 ते 100 पीपीएमच्या वर गेला की जाड भागात तडेवजा, वेड्यावाकड्या पोकळ्या येतात. पाहणारा त्याला श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) समजतो आणि रायझर मोठा करतो. त्याने काहीच होत नाही, उलट यील्ड (ओतलेल्या धातूतून मिळणाऱ्या मालाचं प्रमाण) पडते. पिग महागलं म्हणून भंगार वाढवण्याचा निर्णय खरेदीच्या टेबलावर होतो आणि त्याचा परिणाम महिन्याने मशीन शॉपमध्ये दिसतो. ही साखळी ज्याने भट्टीवर उभं राहून पाहिली आहे त्याच्याच हातात पुढे खरेदी द्यावी, असं आमचं ठाम मत आहे.

इनॉक्युलंट 0.2 ते 0.4 टक्के, लॅडल (धातू नेण्याचं भांडं) भरताना धारेत. टॅपिंग (भट्टीतून धातू काढणं) 1480 ते 1500 अंश, ओतताना 1380 ते 1420. प्रत्येक हीटला वेज चिल (पाचरीच्या आकाराची नमुना कांडी) तोडून पाहायची आणि मिलिमीटर वहीत लिहायचे. स्पेक्ट्रोचा (रासायनिक घटक मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा आणि चिलची पांढरी रेघ यांचं जुळत नसेल तर आम्ही चिलवर विश्वास ठेवतो. स्पेक्ट्रो घटक सांगतो, चिल धातू कसा गोठणार ते सांगते.

वाळूचा भाग याहून चिवट. हिरव्या वाळूत (बेंटोनाइट माती आणि पाणी मिसळलेल्या साच्याच्या ओल्या वाळूत) ओलावा 3 ते 3.8 टक्के, कॉम्पॅक्टेबिलिटी (दाबल्यावर बसण्याचं प्रमाण) 38 ते 42, सक्रिय बेंटोनाइट 7 ते 9 टक्के, परमिॲबिलिटी (वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता) 120 ते 160. हे आकडे भिंतीवर लावता येतात. वर्षभर ते सांभाळणं ही खरी गोष्ट. आमच्याकडे सिलिका वाळू सिंधुदुर्गातून, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातून येते. जूनमध्ये पाऊस लागला की ती ओली येते आणि कोअरसाठी (मालात पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्यासाठी) वाळवावी लागते. म्हणून पावसाळ्यापुरती कोअरची वाळू मे अखेरीला वाळलेली आणि झाकलेली असलीच पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लो होल (मालात वायूने पडलेली छिद्रं) वाढतात. ते वाळूच्या ओलाव्याने जितके, तितकेच रात्रभर उघड्यावर राहिलेल्या कोअरने. CO2 कोअर (कार्बन डायऑक्साइड सोडून कडक केलेली) दमट हवेत पाणी ओढते, तरी सकाळी हाताला कोरडी लागते. त्या दोन महिन्यांत कोअर त्याच पाळीत वापरायची किंवा ओतण्याआधी ओव्हनमधून काढायची, असा नियम लिहून ठेवला आहे. एप्रिल-मेचा त्रास उलटा: परतीची वाळू थंड होत नाही, 45 अंशांच्या वर मिक्सरमध्ये गेली की ओलावा उडतो, पेटीच्या कडा झडतात आणि वाळूचे कण मालात अडकतात. पाणी वाढवून हा दोष जात नाही. वाळूचा एकूण साठा वाढवावा लागतो, म्हणजे तिला विसाव्याला वेळ मिळतो.

सुरक्षेच्या तीन गोष्टी नव्या पिढीने स्वतःच्या हाताने तपासल्याशिवाय पाळीची जबाबदारी घ्यायची नाही. पहिली, वीज गेल्यावर भट्टीच्या कॉइलला पाणी देणारी उंचावरची टाकी भरलेली आहे का आणि व्हॉल्व्ह खरोखर उघडतो का. दुसरी, ग्राउंड लीकचा (धातू अस्तरातून कॉइलकडे झिरपू लागल्याचा) इशारा चालू आहे का. अस्तर झिजलं की तीच भट्टी जास्त पॉवर घेऊ लागते, माणसं खूश होतात की आज माल लवकर वितळला. ती खुशीची वेळ नसते, तेव्हा अस्तर मोजायचं असतं. तिसरी, भंगारात बंद नळी, शॉक ॲब्सॉर्बर किंवा पाणी साठलेला डबा. वितळलेल्या लोखंडात तो गेला तर स्फोट होतो. पावसाळ्यात भंगार छपराखाली ठेवण्यात आम्ही कधीच तडजोड करत नाही.

भट्टीच्या टप्प्याचा शेवट एका वहीने होतो. पॅटर्न रजिस्टर, म्हणजे वाळूत साचा उठवायच्या नमुन्यांची नोंद. प्रत्येक पॅटर्नचा नंबर, मालक कोण, लाकूड की ॲल्युमिनिअम, किती कॅव्हिटी, कोअर बॉक्स किती, रनर-इनगेटची मापं, पेटीचं वजन, ओतण्याचे सेकंद, शेवटची दुरुस्ती कधी आणि कशासाठी. बहुतेक पॅटर्न गिऱ्हाइकाच्या मालकीचे असतात आणि वीस-वीस वर्षं रॅकवर असतात. एखाद्या पॅटर्नला रायझर डावीकडे का आहे, हे साचे करणाऱ्या फक्त एका जुन्या मोल्डरला ठाऊक असतं. तो निवृत्त व्हायच्या आत नव्या माणसाने त्याच्याशेजारी बसून एकेक पॅटर्न लिहून घ्यायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण संपूर्ण हस्तांतरणात याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. सोबत प्रत्येक कास्टिंगवर तारीख आणि हीट नंबराचा कोड उठवायची सवय. परत आलेला माल कोणत्या हीटचा हे पाच मिनिटांत कळलं नाही तर गिऱ्हाईक तुमचा सगळा लॉट बाजूला काढतं.

भाव

यील्डचा हिशेब इथला पाया आहे. 1000 किलो चार्ज टाकला. वितळताना 3 टक्के जातात, उरले 970. सांडलेलं आणि थंड झालेलं 20 किलो धरा, पेट्यांत गेले 950. रनर-रायझर वजा जाता 70 टक्के यील्डने 665. त्यात 5 टक्के रिजेक्शन, म्हणजे 632 किलो माल गाडीत चढला. वितळवायला टनाला 620 युनिट धरले तर 970 किलोंना 601 युनिट, म्हणजे विकलेल्या किलोमागे 0.95 युनिट. नव्या माणसाची चूक होते ती 620 ला 1000 ने भागून 0.62 युनिट भावात धरायची. प्रत्येक किलोमागे एक तृतीयांश विजेचं बिल तो खिशातून भरत राहतो आणि वर्षअखेरीस नफा कुठे गेला ते सापडत नाही.

धातूचंही तसंच. चार्जमध्ये नवा माल 66 टक्के आहे, म्हणून भंगार आणि पिग किलोला 4 रुपयांनी वाढलं तर आपला खर्च 2.64 रुपयांनी वाढला असं वाटतं. पण परतीचा माल फिरून आपल्याच भट्टीत येतो. 632 किलो विक्रीला बाहेरून 660 किलो आणावेच लागतात, म्हणजे किलोमागे 1.04. वाढ सुमारे 4.18 रुपयांची आहे. गिऱ्हाइकाशी कच्च्या मालाच्या भावबदलाचं कलम ठरवताना हा गुणक लेखी घ्यायचा. आणि तिमाही सरासरीवर भाव बदलणार असेल तर चढत्या बाजारात एक तिमाही आपण पदरचे घालतो, हे भांडवलात आधीच धरायचं.

विजेचा दर युनिटवर संपत नाही. एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग) घसरला की दंडाचं वेगळं कलम दिसत नाही, युनिटच वाढलेली दिसतात. दिवसाच्या वेळेनुसारचे दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतात, म्हणून दर नव्या आदेशानंतर भट्टीची पाळी पुन्हा मांडावी लागते. वडिलांच्या काळापासून रात्री भट्टी चालते म्हणून आजही रात्रीच चालवायची, याला आता आधार उरलेला असेलच असं नाही.

भावाच्या टप्प्यात गिऱ्हाईक येतं आणि उधारी येते. भंगारवाला आणि पिगवाला सात-दहा दिवसांत पैसे मागतो, गिऱ्हाईक 75 ते 90 दिवसांनी देतं. महिन्याला एक कोटीची विक्री आणि 75 दिवसांची उधारी म्हणजे अडीच कोटी कायम बाहेर. विक्री वाढली की हा आकडाही वाढतो. मोठ्या ऑर्डरने बुडालेल्या फाउंड्र्या आम्ही पाहिल्या आहेत, ऑर्डर नसल्याने बुडालेल्या त्यापेक्षा कमी. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी (केंद्र सरकारची लहान उद्योगांची नोंदणी) असेल तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असताना कमाल 45 दिवस आणि करार नसताना 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत. आर्थिक वर्ष 2023-24 पासून मुदतीबाहेर थकवलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते, त्यामुळे मार्च महिन्यात या तरतुदीचा जोर जाणवतो. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. थेट तक्रार करण्याचं धैर्य लहान कारखान्याला नसतं, ते आम्ही समजू शकतो. पण टीआरईडीएसवर (बिलं वटवून पैसे लवकर मिळवायच्या ऑनलाइन मंचावर) बिल वटवायला गिऱ्हाइकाला तयार करणं शक्य असतं आणि नव्या पिढीने ते काम अंगावर घ्यावं.

एका गिऱ्हाइकाकडे 35 टक्क्यांहून जास्त विक्री जाऊ द्यायची नाही, एका उद्योगाकडे 50 हून जास्त नाही. ही आमची रेघ. खेड्यांत वीज पोचली आणि शेतातली ऑइल इंजिनं विजेच्या पंपांपुढे मागे पडली, तेव्हा फक्त इंजिनचा माल ओतणाऱ्यांची काय गत झाली हे उद्यमनगराला ठाऊक आहे. आज फ्लायव्हील आणि सिलिंडर हेडवर चालणाऱ्यांनी तीच नजर विद्युत वाहनांकडे ठेवायला हवी. ब्रेक ड्रम, हब, पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर हे इंजिन नसलेल्या जगातही लागणार आहेत. नवीन क्षेत्रात शिरायला नमुने, मंजुरी आणि पहिली नियमित ऑर्डर मिळून दीड-दोन वर्षं जातात, म्हणून जुनं क्षेत्र चांगलं चाललेलं असतानाच सुरुवात करावी.

सही

बँकेची सही देण्याआधी घर आणि कारखाना यांचे पैसे वेगळे झाले पाहिजेत. कुटुंबाचे कारखाने जिथे फुटतात ते बहुतेक वेळा इथेच. आम्ही तीन प्रकारचे पैसे तीन नावांनी वेगळे केले. काम करणाऱ्याला कामाचा पगार, आणि तो बाहेरच्या माणसाला त्याच कामासाठी द्यावा लागला असता तेवढाच. भांडवल ठेवणाऱ्याला भांडवलाचं व्याज. आयकरात भागीदाराला 12 टक्क्यांपर्यंतचं व्याज वजावटीला चालतं, करारात लिहिलेलं असेल तर. आणि मालकाला नफ्यातला वाटा. चुलतभाऊ पुण्यात नोकरी करत असेल तर त्याला पगार नाही, पण व्याज आणि नफा पूर्ण. कारखान्यात राबणाऱ्या धाकट्याला पगारही आणि वाटाही. हे आकडे कागदावर आले की दिवाळीच्या जेवणावळीत होणारी कुजबूज थांबते. लग्न, घर, शिक्षण यांसाठी उचल लागली तर ती त्या व्यक्तीच्या खात्यावर कर्ज म्हणून लिहायची. गल्ल्यातून सहज काढलेला पैसा पुढच्या पिढीत भांडण होऊन परत येतो.

त्यानंतर घसारा. 60 लाखांची भट्टी 15 टक्के दराने दहा वर्षांत पुस्तकात 11.8 लाखांवर येते. तोपर्यंत तशीच नवी भट्टी समजा 1 कोटी 20 लाखांना झाली. पुस्तकातला घसारा म्हणजे बँकेत पडलेले पैसे नव्हेत. आम्ही यंत्राचं आयुष्य 12 वर्षं आणि बदलाची किंमत दुप्पट धरून त्या एका भट्टीपोटी वर्षाला 10 लाख वेगळ्या ठेवीत टाकतो, आणि त्या ठेवीला हात लावायला सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात. चांगल्या वर्षांत हे पैसे वाटून घेण्याचा मोह फार असतो. जी पिढी घसारा खाते ती पुढच्या पिढीला जुनी यंत्रं आणि नवं कर्ज देऊन जाते.

तसंच ग्रॅच्युइटीचं. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000 असेल आणि नोकरी 30 वर्षांची, तर 18,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 30, म्हणजे 3,11,538 रुपये. अशी 40 माणसं असतील तर सव्वा कोटी. पहिल्या पिढीबरोबर लागलेले मोल्डर आणि फेटलर (माल घासून साफ करणारे) एकाच पाच-सहा वर्षांच्या टप्प्यात निवृत्त होतात, आणि नेमका तोच काळ पिढी बदलण्याचा असतो. समूह ग्रॅच्युइटी योजनेत दरवर्षी पैसे भरले असतील तर हा बोजा दिसतही नाही. भरले नसतील तर नव्या पिढीचं पहिलं कर्ज त्यासाठीच निघतं. ज्यांनी आपल्या तीन पिढ्या तोलून धरल्या त्यांना हे पैसे निवृत्तीच्या दिवशी हातात मिळाले पाहिजेत.

सही टप्प्याटप्प्याने द्यावी. आधी ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी एकट्याच्या सहीने, मग पगार आणि कर, मग कॅश क्रेडिट खातं (खेळत्या भांडवलाचं बँकेचं कर्जखातं) जोडसहीने. मशिनरीचं कर्ज आणि वैयक्तिक हमी सगळ्यात शेवटी. हमीच्या कागदावर सही करण्याआधी नव्या माणसाने ड्रॉइंग पॉवरचं (बँकेतून किती उचल करता येईल त्याचं) विवरण स्वतः बनवलेलं असावं: साठा आणि 90 दिवसांच्या आतली येणी, वजा देणी, वजा मार्जिन. 90 दिवसांपलीकडची उधारी बँक मोजत नाही, हे तिथे कळतं.

मालकी

एकट्याच्या नावावरचा कारखाना हा सगळ्यात नाजूक प्रकार. मालक गेला की पॅन संपतो, जीएसटी नोंदणी त्याच नंबराने पुढे चालत नाही. वारसाला नवी नोंदणी घेऊन जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-02 या अर्जाने वर्ग करावं लागतं. कॅश क्रेडिट खातं गोठतं. गिऱ्हाइकाकडे नवा व्हेंडर कोड काढावा लागतो आणि मोठ्या कंपन्यांत त्याला काही महिने जातात. तोवर बिल कोणत्या नावाने फाडायचं? म्हणून आम्ही म्हणतो, दुसरी पिढी कामाला लागताच भागीदारी तरी करा.

भागीदारीतही 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे करारात वेगळं लिहिलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. फर्म पुढे चालू राहील आणि वारसाला कोणता हक्क मिळेल, हे कलम करारात हवंच. नोंदणी न केलेली फर्म थकबाकीसाठी बाहेरच्यावर कराराच्या आधारे दावा लावू शकत नाही, तेव्हा नोंदणीही हवी. फर्मची कंपनी करताना भांडवली नफ्याच्या करातून सुटायचं तर सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीत गेली पाहिजेत, भागीदारांना भांडवलाच्या प्रमाणात फक्त शेअर मिळाले पाहिजेत आणि किमान 50 टक्के मतदानाचा हक्क त्यांच्याकडे पाच वर्षं राहिला पाहिजे. मधेच कुणाला रोख देऊन बाहेर काढलं तर ही सवलत जाते. ज्याला निघायचं आहे त्याचा हिशेब रूपांतराच्या आधी पुरा करायचा.

नाव बदललं की कागदांची रांग लागते: एमआयडीसीचा भाडेपट्टा, महावितरणची जोडणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, कारखाना परवाना, पीएफ आणि ईएसआयचे कोड, विमा, उद्यम, गुणवत्तेचं प्रमाणपत्र. एमआयडीसी सर्वांत आधी धरावी, कारण बाकीच्या अर्जांना तिचं पत्र लागतं. मुलांना घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात 200 रुपयांच्या मुद्रांकाची सवलत आहे. कारखान्याच्या शेडला ती लागू नाही, हे वेळेत लक्षात घ्यावं.

घरातल्या मुलींबद्दल स्पष्ट लिहितो. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी मुलासारखीच सहदायाद (हिस्सेदार) आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात तो हक्क जन्माने असल्याचं पक्कं केलं. कारखाना वडिलोपार्जित पैशातून उभा आहे की स्वकष्टाच्या, हे आधी वकिलांकडून ठरवून घ्या. राखीपौर्णिमेला आलेल्या बहिणींकडून घाईत हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत आम्हाला चुकीची वाटते. बहिणीला हिस्सा हवा असेल तर मालक म्हणून नफा द्या, पैसे हवे असतील तर किंमत ठरवून द्या, आणि तिला भट्टीवर उभं राहायचं असेल तर तिचाही क्रम तोच: दोन वर्षं भट्टी, मग भाव.

बाहेर पडणाऱ्याची किंमत भांडण नसताना ठरवायची. समजा कारखान्याची ठरलेली किंमत 6 कोटी आणि हिस्से चार समान. एकाचे दीड कोटी एकरकमी द्यायला गेलं तर खेळतं भांडवल संपतं, आणि भागीदाराला पैसे द्यायला कॅश क्रेडिट वापरणं बँकेला चालत नाही. तेच 20 तिमाही हप्त्यांत द्यायचे ठरले तर दर हप्ता साडेसात लाख अधिक व्याज. वर्षाला 30 लाख आणि व्याज, वार्षिक शिल्लक 60 लाख असेल तर कारखाना ते पेलतो. किंमत कशी काढायची, मूल्यांकन कोण करणार, पॅटर्न आणि नावावर कुणाचा हक्क, निघालेला माणूस किती वर्षं तेच गिऱ्हाईक घेऊ शकणार नाही, हे सगळं कौटुंबिक करारात लिहिलेलं असावं आणि त्यावर काम न करणाऱ्यांच्याही सह्या असाव्यात.

राहिली मृत्युपत्रं. भागीदारी करारात वारस म्हणून एकाचं नाव आणि मृत्युपत्रात दुसऱ्याचं, असं सर्रास होतं, कारण दोन कागद दोन वेगळ्या वर्षांत दोन वेगळ्या वकिलांनी केलेले असतात. ठेवींवरचा नॉमिनी साधारणपणे वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो, तेवढ्यावरून तो मालक ठरत नाही, हेही घरात सगळ्यांना माहीत हवं. आम्ही 31 मार्चच्या ताळेबंदावर सह्या होतात त्याच बैठकीत करार, मृत्युपत्रं, नॉमिनेशन आणि हिश्शाची त्या वर्षीची किंमत हे चारही कागद टेबलावर घेतो. ज्या वर्षी घरात लग्न, जन्म किंवा मृत्यू झाला असेल त्या वर्षी वकिलांनाही बोलावतो.